नलिनी मलानींबद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी कल्याणला चित्रकलेचे क्लास घेते. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या पोरांपासून ते रिटायर झाल्यावर पहिल्यांदा ब्रश हातात धरलेल्या काकांपर्यंत सगळे येतात, आणि दरवर्षी एक अख्खा रविवार मी नलिनी मलानींसाठी राखून ठेवते. त्या रविवारनंतर व्हॉट्सअ‍ॅपवर जे प्रश्न येतात ते वर्षानुवर्षं जवळपास तेच असतात, म्हणून म्हटलं एकदाच सगळं बसून लिहून काढावं. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळीत संपली आहेत, चालवून घ्या.

नलिनी मलानी कोण? पटकन सांगा ना.

1946 साली कराचीत जन्म, मुंबईत वाढल्या, सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून 1969 ला डिप्लोमा. चित्रकार आहेतच, पण त्याच वर्षी त्यांनी कॅमेरा हातात घेऊन फिल्म करायला सुरुवात केली, म्हणजे मुंबईत दूरदर्शन यायला अजून तीन वर्षं होती. पुढे व्हिडिओ, नाटक, भिंतीवरची चित्रं, फिरत्या पारदर्शक नळकांड्यांवरून पडणाऱ्या सावल्या आणि आता आयपॅडवर बोटाने काढलेल्या अ‍ॅनिमेशन असा पन्नास वर्षांहून जास्त प्रवास. भारतात व्हिडिओ आर्ट म्हटलं की पहिल्या दोन-तीन नावांत त्यांचं नाव येतं, आणि माझ्या मते तर सगळ्यात आधी यायला हवं.

कराचीत जन्म म्हणजे फाळणीत आल्या का?

हो. सिंधी कुटुंब, मुलगी एक वर्षाची असताना फाळणी झाली, सगळं मागे सोडून आधी कलकत्ता, मग मुंबई. आमच्या कल्याणला पलीकडेच उल्हासनगर आहे, सिंधी निर्वासितांच्या कॅम्पमधून उभं राहिलेलं, त्यामुळे इथल्या पोरांना हे फार समजवावं लागत नाही, कोणाचे तरी आजोबा असेच आलेले असतात. मलानींना स्वतःला कराची आठवणं शक्यच नव्हतं, पण घरात ती आठवण बोलली जात होती, न बोलताही असणार. त्यांच्या कामात फाळणी पुन्हा पुन्हा का येते असं विचारतात त्यांना मी एवढंच सांगते.

1969 मधे मुंबईत फिल्म करायला साधनं कुठून आली?

हा माझा सगळ्यात आवडता भाग, त्यामुळे जरा सविस्तर.

जे.जे.त शिकत असतानाच मलानींना वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमधे स्टुडिओ मिळाला होता. ती जागा म्हणजे काय होती ते समजून घ्या. चित्रकार गायतोंडे तिथे काम करायचे, हुसेन यायचे, दिग्दर्शक अल्काझींच्या नाटकांची माणसं असायची, रविशंकरांची संगीत शाळा तिथेच. अठरा-वीस वर्षांची मुलगी अशा ठिकाणी रोज जाते तेव्हा चित्रकला एका खोलीत, नाटक दुसऱ्या खोलीत आणि गाणं तिसऱ्या खोलीत असं तिच्या डोक्यात राहतच नाही. पुढे पंचवीस वर्षांनी मलानी नाटकवाल्यांबरोबर काम करतात त्याचं मूळ मला इथे दिसतं.

मग चित्रकार अकबर पदमसी. त्यांना जवाहरलाल नेहरू फेलोशिप मिळाली, आणि ते पैसे त्यांनी काय करावेत? व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप नावाची एक कार्यशाळा काढली. 16 एमएमचा कॅमेरा, डार्करूम, एचिंगचा प्रेस, आणि चित्रकार, फोटोग्राफर, सिनेमावाले सगळे एकत्र. मणी कौल, कुमार शहानी ही सिनेदिग्दर्शक मंडळीसुद्धा तिथे येऊन-जाऊन असायची. पदमसींनी स्वतः तिथे रेषांची अ‍ॅनिमेशन फिल्म केली. स्वतःला मिळालेल्या पैशातून दुसऱ्यांसाठी जागा उघडून देणारा माणूस, मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो.

या सगळ्यात मलानी वयाने सगळ्यात लहान आणि एकट्याच बाई. तिथे त्यांनी कॅमेरा न वापरता, नुसत्या उजेड आणि फोटोपेपरवर फोटो केले, छोट्या फिल्म केल्या, आणि 'ड्रीम हाउसेस' केली. 8 एमएमवरची रंगीत स्टॉप-मोशन. म्हणजे घरांचे भौमितिक आकार, त्यावर रंगीत उजेड, एक फ्रेम घ्यायची, थोडं बदलायचं, परत एक फ्रेम. एका सेकंदाला सोळा-अठरा फ्रेम लागतात, हिशोब तुम्हीच करा. शिवाय तेव्हा फिल्म लॅबमधे धुऊन आल्याशिवाय काय आलंय तेच दिसायचं नाही.

त्या घरांमधे स्वप्न होतं. चार्ल्स कोरियांसारखे आर्किटेक्ट तेव्हा नव्या शहराची भाषा बोलत होते, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्याबरोबर त्यांनी नवी मुंबईची कल्पना मांडून चारेक वर्षंच झाली होती, सगळ्यांना घरं मिळतील, उजेडाची, हवेची, असं खरंच वाटत होतं. नंतर 1976 ला मलानींनी त्याच रंगीत फिल्मच्या शेजारी एक काळी-पांढरी फिल्म लावली, तिच्यात एक तरुण बाई मुंबईकडे बघत उभी आहे, खाली झोपड्या आहेत, वर इमारती. दोन्ही बाजूबाजूला चालतात. नाव 'यूटोपिया'. एका पडद्यावर जे ठरवलं होतं ते, दुसऱ्यावर जे झालं ते. आज दोन-तीन स्क्रीनचं काम सर्रास दिसतं, पण 1976 ला मुंबईत बसून एका मुलीने हा विचार केला याचं मला दरवेळी नव्याने आश्चर्य वाटतं.

पॅरिसला का गेल्या होत्या?

फ्रेंच सरकारची स्कॉलरशिप, 1970 ते 72. विद्यार्थ्यांच्या उठावाला दोनच वर्षं झाली होती, शहर अजून तापलेलं होतं. तिथे शिक्षण वर्गापेक्षा बाहेर जास्त झालं, सार्त्र, सिमोन द बोव्हार अशा माणसांना ऐकायला मिळालं. तिथेच राहता आलं असतं, पण 1973 ला परत आल्या.

मग 'यूटोपिया' सोडलं तर पुढची वीस वर्षं व्हिडिओ दिसतच नाही, असं का?

कारण साधनंच नव्हती. वर्कशॉप बंद पडलं होतं, फिल्म महाग, आणि आपल्याकडे गॅलरीत फिल्म दाखवायची पद्धतच नव्हती. मग मलानी चित्राकडे वळल्या, आणि कमी ताकदीने अजिबात नाही. घरातल्या बायका, आया-मुली, खोलीत दाटून बसलेली माणसं, चित्रातला ताण असा की आपण नको त्या वेळी कोणाच्या घरात शिरलोय असं वाटतं.

1981 ला 'प्लेस फॉर पीपल' नावाचं प्रदर्शन मुंबई-दिल्लीत झालं. भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम, जोगेन चौधरी, आपले ठाण्याचे सुधीर पटवर्धन आणि मलानी. सहा जण, त्यात परत एकच बाई. कलासमीक्षक गीता कपूर यांनी त्यावर लिहिलं. चित्रात माणूस परत आला पाहिजे, गोष्ट परत आली पाहिजे, असा तो आग्रह होता. पटवर्धन पेशाने रेडिओलॉजिस्ट, दिवसभर एक्स-रे बघून मग लोकलमधली, कारखान्यातली माणसं रंगवणारे, त्यांच्यामुळे आमच्या बाजूच्या मुलांना हा ग्रुप लगेच जवळचा वाटतो.

बायकांचं वेगळं प्रदर्शन काढलं होतं म्हणे?

हो. 1979 ला न्यूयॉर्कला त्यांनी बायकांनीच चालवलेली ए.आय.आर. गॅलरी बघितली, नॅन्सी स्पेरो, आना मेंडिएटा या कलाकारांना भेटल्या, आणि डोक्यात आलं की हे आपल्याकडे का नाही. त्याला आठेक वर्षं लागली. शेवटी अर्पिता सिंग, माधवी पारेख, निलिमा शेख आणि मलानी अशा चौघींनी मिळून 'थ्रू द लुकिंग ग्लास' काढलं, 1987 ते 89 मधे ते देशात पाच ठिकाणी फिरलं. चौघींची शैली एकमेकींशी जुळत नाही हे मला त्यातलं सगळ्यात छान वाटतं, बायकांची चित्रं म्हणजे एकाच प्रकारची असतात हा समज तिथल्या तिथे मोडतो.

लोहार चाळीचा काय संबंध?

मुंबईकरांना लोहार चाळ म्हटलं की वायर, स्विच, ट्यूबलाइट. क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूची ती गजबज. मलानींचा स्टुडिओ कितीतरी वर्षं तिथे होता, आणि खाली उतरलं की हमाल, हातगाड्या, फुटपाथवर झोपणारी माणसं. ती सगळी त्यांच्या वहीत आली. 1989 च्या सुमाराला त्यांनी या रेखाटनांची पुस्तकं केली, झेरॉक्स काढून, त्यावर परत हाताने काम करून. 1991 ला त्याच गल्लीवरचं एक काम केलं ज्यात मायलर या पारदर्शक प्लास्टिकच्या मोठ्या शीट टांगल्या आणि जमिनीवर दगड ठेवले. शीटवर माणसं, आरपार दिसणारी, एकामागे एक. तुम्ही मधून चालत जायचं. गल्लीत चालताना माणसं जशी एकमेकांवर येतात तसंच.

माझ्या दृष्टीने चित्र भिंतीवरून सुटलं ते इथे. अजून व्हिडिओ आलेला नाही, पण पारदर्शकपणा आला, आणि बघणारा माणूस चित्राच्या आत आला.

भिंतीवर एवढं मोठं चित्र काढून नंतर पुसून टाकलं हे खरं आहे का?

खरं आहे. 1992, मुंबई, गॅलरी केमोल्ड, कामाचं नाव 'सिटी ऑफ डिझायर्स'. थेट भिंतीवर चित्रं काढली, पंधरा दिवस ठेवली आणि मग त्यावर चुना. राजस्थानात नाथद्वाऱ्याची जुनी भित्तिचित्रं दुर्लक्षामुळे नष्ट होत होती, त्याची वेदना त्यामागे होती. आपल्या डोळ्यादेखत शेकडो वर्षांची चित्रं जातायत आणि कोणाला काही वाटत नाही, मग निदान पंधरा दिवसांत जाणारं चित्र तरी बघा आणि ते गेल्यावर काय वाटतं तेही बघा.

क्लासमधे हे सांगितलं की पालक अस्वस्थ होतात, एवढी मेहनत फुकट गेली म्हणतात. मी त्यांना उंबऱ्यापुढच्या रांगोळीची आठवण करून देते. सकाळी काढलेली रांगोळी संध्याकाळी पुसली जाते म्हणून कुठली आजी कमी मन लावून काढते? आणि यात विकायलाही काही उरत नाही हे लक्षात घ्या. पुढे त्यांनी जगभरच्या म्युझियममधे अशी भिंतीवरची चित्रं केली आणि प्रदर्शनाच्या शेवटी ती पुसणं हाच कामाचा भाग ठेवला.

मग व्हिडिओकडे परत कशा आल्या?

नाटकातून. 1993 ला मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनात अभिनेत्री अलकनंदा समर्थ यांच्याबरोबर नाटककार हायनर म्युलरच्या 'मीडिआ'वर (ग्रीक पुराणकथेतली बाई) काम केलं, त्यात चित्रं, वस्तू, व्हिडिओ, नटी सगळं एकाच जागेत. म्युलर जर्मन, मीडिआ ग्रीक, पण बाहेर मुंबई कशी होती ते आठवा. बाबरी पाडली गेली डिसेंबर 92 ला, आणि डिसेंबर-जानेवारीत आपल्या शहरात दंगली. मी तेव्हा शाळेत होते, कल्याण स्टेशनवर लोकं गप्प गप्प उभी असायची एवढं आठवतं.

त्यानंतर मलानींच्या कामाचा सूर बदलला. लोकांपर्यंत पोहोचायचं तर कॅनव्हास पुरत नाही, गॅलरीत येणारे ठरावीक शंभर-दोनशे लोक, आणि टीव्ही मात्र चाळीतल्या प्रत्येक खोलीत पोचला होता. ज्या पडद्याची लोकांना सवय आहे तोच वापरायचा. नवीन तंत्र आलं म्हणून वापरलं असं त्यांच्याबाबतीत कधीच दिसत नाही.

'रिमेंबरिंग टोबा टेक सिंग' हे काम एवढं महत्त्वाचं का?

मी हे स्वतः बघितलंय, त्यामुळे मोठं उत्तर.

मे 1998 ला पोखरणला अणुचाचण्या झाल्या, त्याच महिन्यात पाकिस्ताननेही केल्या. दोन्हीकडे पेढे वाटले गेले. मलानींनी मंटोची 'टोबा टेक सिंग' ही गोष्ट घेतली. फाळणीनंतर दोन्ही देश वेड्यांच्या इस्पितळातले रुग्णसुद्धा धर्माप्रमाणे वाटून घेतात आणि बिशनसिंगला आपलं गाव टोबा टेक सिंग कुठल्या देशात गेलं तेच कळत नाही. तो शेवटी दोन देशांच्या मधल्या, कोणाच्याच नसलेल्या जमिनीवर पडतो.

हे काम मुंबईत प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममधे लागलं होतं. मी जी.डी. आर्टला, म्हणजे चित्रकलेच्या डिप्लोमाला होते. आम्हाला तेव्हा एका सरांनी स्पष्ट सांगितलं होतं की व्हिडिओ ही चित्रकला नाही, वेळ घालवू नका, त्यामुळे आम्ही तिघीजणी न सांगता गेलो. आत अंधार. भिंतींवर मोठी प्रोजेक्शन, हिरोशिमा-नागासाकी, स्फोटाचे ढग. जमिनीवर पत्र्याच्या ट्रंका उघड्या पडलेल्या, बारा, आणि प्रत्येक ट्रंकेत कपड्यांच्या जागी टीव्हीचा मॉनिटर, त्यात माणसं, पळणारी, विस्थापित झालेली.

तशी ट्रंक आमच्या घरी कॉटखाली होती. आजोबा कोकणातून येताना आणलेली, वर पांढऱ्या रंगात नाव. त्या ट्रंकेत माणसं बघून मला जे झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही.

आणि मग साडी. समोरासमोरच्या दोन भिंतींवर एकेक बाई, एक इकडची एक तिकडची, आणि दोघी मिळून एका साडीची घडी घालायचा प्रयत्न करतायत. आपण मधे उभे. आता साडीची घडी कशी घालतात ते प्रत्येकाला माहितीये, एक टोक आईच्या हातात, एक आपल्या हातात, ताणायची, मग चालत जाऊन टोकाला टोक लावायचं, बोटं बोटांना लागतात. इथे त्या चालत येऊच शकत नाहीत. मधे अख्खी खोली आहे, आणि बॉम्ब आहे. घडी होतच नाही.

आमच्या मागे शाळेची सहल होती, पेंढा भरलेले प्राणी आणि बुद्धाच्या मूर्ती बघून आलेली पोरं. ती ट्रंकांपाशी उकिडवी बसून बघत राहिली, बाई हाका मारत होत्या तरी हलेनात. गॅलरी न घेता म्युझियम घेण्याचा अर्थ मला त्या पोरांकडे बघून कळला, तिथे रोज जी माणसं येतात त्यांच्यासाठीच ते होतं.

ती फिरणारी नळकांडी म्हणजे नेमकं काय? त्यांना व्हिडिओ/शॅडो प्ले का म्हणतात?

पारदर्शक प्लास्टिकची मोठी शीट, तिच्या आतल्या बाजूने चित्र काढायचं, गोल गुंडाळून नळकांडं करायचं, छताला टांगायचं, मोटरने हळूहळू फिरवायचं. मग प्रोजेक्टरचा उजेड त्यातून आरपार जातो, म्हणजे भिंतीवर व्हिडिओही पडतो आणि त्यावर रंगवलेल्या आकृत्यांच्या सावल्याही सरकत जातात. कोणती आकृती कशावर येईल ते सतत बदलतं.

चित्र काढायची पद्धत उलटी. कागदावर आपण आधी चेहरा रंगवतो आणि शेवटी डोळ्यातला ठिपका ठेवतो. इथे आधी ठिपका, मग बुब्बुळ, मग डोळा, मग चेहरा, सगळ्यात शेवटी मागची बाजू. चुकलं तर झाकता येत नाही. ही काचेवरच्या चित्रांची जुनी कला, चिनी कारागिरांकडून अठराव्या शतकात पश्चिम भारतात आलेली, जुन्या वाड्यांमधे, देवघरात अशी चित्रं अजून सापडतात. मलानींना ती भूपेन खख्खर यांनी शिकवली.

इथे मला कल्याणकर म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. सिनेमा यायच्या आधी, 1890 च्या दशकात, आमच्या कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी शांबरिक खरोलिका दाखवायला सुरुवात केली होती, हाताने रंगवलेल्या काचा, मागे दिवा, पुढे पडदा, आणि एकामागून एक काचा सरकवून चित्र हलतंय असं भासवायचं. शिवाय सिंधुदुर्गात पिंगुळीला ठाकर मंडळी चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ करतात. मलानींनी हे यातून उचललं असं माझं म्हणणं नाही, पण रंगवलेलं चित्र, मागून उजेड आणि सांगायची गोष्ट, हे आपल्याला परकं नाही, म्हणून त्यांचं काम बघताना आपल्या लोकांनी बिचकायचं काही कारणच नाही.

या प्रकारची सुरुवात 1998 च्या सुमाराला झाली. 2001 चं 'ट्रान्सग्रेशन्स' आम्स्टरडॅमच्या स्टेडेलिक म्युझियमकडे आहे. 2012 ला जर्मनीत कासेलच्या डॉक्युमेंटा या कलाप्रदर्शनात, जे पाच वर्षांनी एकदा भरतं, 'इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड' लागलं, सहा प्रोजेक्शन आणि पाच नळकांडी. नाव फैज अहमद फैज यांच्या कवितेवरून. आत महाश्वेतादेवींच्या कथेतली द्रौपदी आहे, आणि ग्रीक कॅसान्ड्रा, जिला पुढचं सगळं दिसायचं पण जिचं कोणी ऐकायचं नाही. ही न ऐकलेली बाई मलानींच्या कामात सतत भेटते.

'मदर इंडिया' म्हणजे सिनेमाबद्दल आहे का?

नाही. 2005 ला व्हेनिस बिएनाले या मोठ्या कलाप्रदर्शनात दाखवलेलं पाच प्रोजेक्शनचं काम आहे, समाजशास्त्रज्ञ वीणा दास यांच्या फाळणीतल्या बायकांवरच्या निबंधातून निघालेलं. फाळणीत हजारो बायका पळवल्या गेल्या, मग दोन्ही सरकारांनी त्यांना 'परत मिळवलं', पण त्यांना विचारलं कोणी? देशाला आई म्हणायचं आणि आयांचं हे करायचं, ते काम या एका जागी बोट ठेवतं आणि तिथून हलत नाही. 2002 च्या गुजरात दंगलींनंतर त्यांनी 'युनिटी इन डायव्हर्सिटी' केलं होतं, राजा रविवर्म्याच्या वेगवेगळ्या प्रांतांतल्या वादक बायकांच्या प्रसिद्ध चित्रावरून, तेही याच रांगेतलं. दोन्ही एकत्र वाचली पाहिजेत.

कन्सेप्च्युअल आर्ट म्हणजे हात न लावता नुसती आयडिया असते ना? मग या कन्सेप्च्युअल कशा?

कन्सेप्च्युअल म्हणजे वस्तूपेक्षा कल्पनेला मान. चित्र पुसणं हेच काम, ट्रंकेत मॉनिटर ठेवणं हेच काम, या अर्थाने मलानी नक्कीच तशा आहेत. 'हॅम्लेटमशीन' नावाच्या कामात, जे त्यांनी जपानमधे फुकुओकाला राहून केलं, एक प्रोजेक्शन चक्क मिठाच्या थरावर पडतं. मीठ म्हटलं की आपल्याला दांडी आठवते, लगेच, कोणी समजवावं लागत नाही.

पण त्यांचा हात कधीच सुटला नाही, आणि मला सगळ्या क्लासला जे सांगायचं असतं ते हेच आहे. 8 एमएम असो, झेरॉक्स असो, नळकांडं असो, मधे कुठेतरी हाताने ओढलेली रेष आहेच. तंत्र दहा वेळा बदललं, ड्रॉइंग एकदाही नाही. रोज स्केचबुक कशाला भरायचं म्हणून कुरकुरणाऱ्या मुलांना मी त्यांचीच कामं दाखवते.

त्यांचं काम फार अंधारं, जड वाटतं. मुलांना दाखवावं का?

सातवी-आठवीच्या पुढे दाखवा, पण शेजारी बसून. मुलं घाबरत नाहीत, विचारतात, त्या बाईला का पकडलंय, ती का ओरडत नाही. उत्तर देणं मोठ्यांना जड जातं. काही कामं मात्र मी लहानांना दाखवत नाही, उदाहरणार्थ 'कॅन यू हिअर मी', ज्याच्या मुळाशी 2018 ला कठुआत आठ वर्षांच्या मुलीचं झालेलं ते आहे.

आयपॅडवर काढतात हे खरं?

खरं. 2017 पासून, बोटाने. काही सेकंदांच्या अ‍ॅनिमेशन, मनात आलेलं वाक्य, कुठल्यातरी कवितेची ओळ, पेपरातली बातमी, त्यावर धावणारी, पडणारी, दोरीवरच्या उड्या मारणारी माणसं. त्याला त्या वहीच म्हणतात, अ‍ॅनिमेशनची वही. इन्स्टाग्रामवर टाकत आल्यात, म्हणजे कोणालाही फुकट बघता येतं. लंडनला व्हाइटचॅपल गॅलरीत अशा 88 अ‍ॅनिमेशन एकाच वेळी नऊ प्रोजेक्टरमधून भिंतींवर सोडल्या होत्या, एकमेकींवर चढणाऱ्या. सत्तरी ओलांडलेली बाई नवीन यंत्र हातात घेते आणि पहिल्यांदा काय करते तर स्टॉप-मोशनसारखं फ्रेमवर फ्रेम चित्र काढते, 1969 ला काढलं तसंच.

पुरस्कार कोणते मिळाले?

फुकुओका पुरस्कार 2013, जोआन मिरो पुरस्कार 2019, क्योटो पुरस्कार 2023, हा शेवटचा दहा कोटी येनचा. 2014 ला दिल्लीच्या किरण नाडर म्युझियममधे आजवरच्या कामाचं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन झालं, 2017-18 ला पॅरिसच्या पॉम्पिदू सेंटरमधे, तिथे असा मान मिळालेल्या त्या पहिल्या भारतीय. लंडनच्या नॅशनल गॅलरीने त्यांना बोलावून आपल्या संग्रहातल्या जुन्या युरोपीय चित्रांवर काम करायला सांगितलं, आणि त्यांनी त्या चित्रांवर स्वतःची अ‍ॅनिमेशन चढवली. मराठी पेपरांत या बातम्या एवढ्याशा चौकटीत आल्या याचं मला खरंच वाईट वाटतं.

भारतातल्या पहिल्या व्हिडिओ आर्टिस्ट त्याच का?

पहिलं कोण यात मी शिरत नाही. विवान सुंदरम, नवज्योत अल्ताफ, रुम्माना हुसेन यांनी नव्वदच्या दशकात या वाटेवर मोठं काम केलंय, आणि पदमसी तर होतेच. पण 1969 ला फिल्म, आणि मग आजपर्यंत न थांबता चित्र हलतं ठेवणं, एवढा लांब धागा मला दुसऱ्या कोणाकडे दिसत नाही.

बघायला कुठे मिळेल?

कामं जगभर विखुरलेली, न्यूयॉर्कच्या मोमा म्युझियमकडे आहेत, पॉम्पिदूकडे आहेत, दिल्लीला किरण नाडर म्युझियमकडे आहेत. सगळी कायम लावलेली नसतात, त्यामुळे जायच्या आधी फोन करून विचारा. मोबाइलवर क्लिप बघून समाधान मानू नका, त्यात खोली नसते, आपली स्वतःची सावली भिंतीवर पडत नाही. तरी सुरुवात म्हणून इन्स्टाग्राम चांगलं.

घरी मुलांबरोबर नळकांडं करून बघायचं असेल तर?

आम्ही दरवर्षी करतो. स्टेशनरीच्या दुकानात ओएचपी शीट, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचा कागद मिळतो, तो घ्या, जाड पारदर्शक प्लास्टिकही चालेल. पोस्टर कलर वापरू नका, वाळला की पापुद्रे निघतात, अ‍ॅक्रेलिक घ्या, फार पातळ करू नका. आधी कागदावर चित्र काढा, त्यावर शीट ठेवा आणि उलट क्रमाने रंगवा, डोळ्यातला ठिपका, नथ, कुंकू, मग डोळे, मग बाह्यरेषा, मग अंगाचा रंग. मोकळी जागा भरपूर सोडा, सगळं रंगवलं तर उजेडच जाणार नाही. पूर्ण वाळू द्या, रंगवलेली बाजू आत ठेवून गुंडाळा, सेलोटेपने चिकटवा, वरच्या कडेला समोरासमोर दोन भोकं पाडून दोरा ओवा आणि पडद्याच्या दांडीला टांगा. खोलीत अंधार करा. मोबाइलचा टॉर्च हातभर लांबून धरा, जवळ आणलात तर सावली मोठी पण धुरकट होते, मागे नेलात तर लहान आणि रेखीव. दोऱ्याला आधी दहा-बारा पीळ द्या आणि सोडा, मग नळकांडं आपोआप फिरतं, आधी एका बाजूला, मग सावकाश उलट.